‘बाहुलं हलवल्यासारखं दिसतंय’ असं कुणी म्हटलं तर

ताई,

मी सोलापूरचा, वय २४. दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन खात्यात असतो. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉपवर ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडतो. क्लास कुठेच लावलेला नाही, व्हिडिओ बघून शिकलो. माझे आजोबा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच, जड काठी, पेलायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्यावर ४० सेकंदांचा अ‍ॅनिमेशनपट केला. अंगात पांढरी बाराबंदी, कमरेशी नंदीध्वज, आणि ते चालत येताहेत, एवढंच. चार महिने लागले. आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, तिथे टाकला. सगळ्यांनी ‘भारी’, ‘एक नंबर’ लिहिलं. एकाने लिहिलं, ‘काय बे, हे तर बाहुलं हलवल्यासारखं दिसतंय. सगळं परत कर.’ तो पुण्यात एका स्टुडिओत कामाला आहे, त्यामुळे त्याचं चुकलं असेल असंही म्हणवत नाही. तीन आठवडे झाले, मी ती फाइल उघडलेली नाही.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या मुलीने उसळत्या चेंडूचं तिचं पहिलंच अ‍ॅनिमेशन टाकलं. मी तिला नंबर घालून १४ चुका लिहून पाठवल्या. सगळ्या खऱ्या होत्या. तिने ‘थँक्यू दादा’ लिहिलं आणि त्यानंतर काहीच टाकलं नाही. मला टीका घेताही येत नाही आणि देताही येत नाही. काय करू?

— रात्रीचा अ‍ॅनिमेटर, सोलापूर

*

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा त्या बंद फाइलचाच विचार मनात आला. तीत तुझे आजोबा आहेत, म्हणून ती उघडवत नाही. मित्र बोलला गुडघ्या-खांद्यांबद्दल आणि तुला ते ऐकू आलं आजोबांबद्दल. पण हे त्याला ठाऊक तरी होतं का? ग्रुपवर टाकताना सोबत तू काय लिहिलंस ते पत्रात नाही. माझा अंदाज, काहीच लिहिलं नसशील. आपण सगळे असंच करतो. जिवाजवळचं काम मुकाट्याने पुढे सरकवतो आणि समोरच्याने ते जिवाजवळचं आहे हे आपसूक ओळखावं असं धरून बसतो. त्याने बघितला एक शॉट, जसे तो दिवसभर कामावर बघतो.

‘सगळं परत कर’ हे मात्र त्याने लिहायला नको होतं. चार महिन्यांच्या कामावर ते लिहायला चार सेकंदही लागत नाहीत, आणि त्यातून पुढे काय करायचं ते काहीच कळत नाही. ते वाक्य तू खुशाल सोडून दे. ‘बाहुलं हलवल्यासारखं’ हे मात्र टाकू नकोस. त्या ग्रुपमध्ये तुझं काम नीट पाहून बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे.

तू डिझाइन खात्यात आहेस, म्हणून तुझ्याच कारखान्यातलं उदाहरण घेते. चादर मागावरून उतरते, तपासणीच्या टेबलावर येते आणि तपासणारा म्हणतो, ‘इथं मोराच्या मानेत दोरा वर यायला पाहिजे होता, आला नाही.’ तो एवढंच सांगतो. का आला नाही हे त्याला माहीत नसतं आणि ते त्याचं कामही नाही. नक्षीच्या कार्डात भोक पडायचं राहिलं असेल, जकार्डचा, म्हणजे नक्षीचे दोरे उचलणाऱ्या यंत्राचा हूक अडकला असेल, हार्नेसची दोरी तुटली असेल, किंवा ग्राफवर तुझ्याच हातून एक चौकोन चुकीचा भरला गेला असेल. दोष दर मोरात त्याच जागी आला तर कार्ड नाहीतर ग्राफ बघायचा. उभी रेघ धरून खाली उतरत गेला तर हूक किंवा दोरी. हा शोध मागाजवळचा माणूस घेतो. तपासणारा ‘विणणाऱ्यालाच काही येत नाही’ म्हणत नाही, आणि विणणाराही ‘तुला काय कळतंय, तू कुठं माग चालवतोस’ म्हणत नाही. कापडावर बोट ठेवलेलं असतं, दोघेही त्या जागेकडे बघतात.

अ‍ॅनिमेशन बघणारा माणूस हा तपासणीच्या टेबलावरचा माणूस आहे. त्याला कुठे खटकलं यावर शक्यतो विश्वास ठेव. का खटकलं आणि काय करावं, हे तो सांगेलही, पण तिथे त्याचं बरोबर असेलच असं नाही. माग उघडून बघणं तुझ्या हातात आहे.

तर आता माग उघडू. मी तुझा व्हिडिओ पाहिलेला नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही, पण पात्र बाहुल्यासारखं दिसायची काही ठरलेली कारणं असतात आणि स्वतः शिकणाऱ्याच्या कामात ती फार वेळा सापडतात.

पहिलं, की-फ्रेम, म्हणजे ज्या फ्रेमवर पोझ तू स्वतः ठरवून देतोस ती. ब्लेंडरमध्ये तू काही बदललं नसशील तर दोन की-फ्रेमच्या मधली जागा ते बेझियर वळणाने भरतं. म्हणजे हालचाल हळू सुरू होते, मध्ये वेग घेते, पुन्हा हळू थांबते. हात, पाय, मान, काठी, सगळं याच एका लयीत. डोळ्यांना ते पाण्यातून चालल्यासारखं दिसतं. त्यात तू सगळ्या सांध्यांना एकाच फ्रेमवर की दिली असशील, तर सगळे सांधे एकदम निघतात आणि एकदम थांबतात. माणूस असा हलत नाही. आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा, आणि मनगट सगळ्यांच्या मागून येतं. दोऱ्या ओढलेलं बाहुलं मात्र असंच हलतं. मित्राने शब्द अगदी नेमका वापरला होता, फक्त पुढचं सांगितलं नाही.

दुसरं, वजन. तुझ्या पटात मला वाटतं खरी गोष्ट हीच असणार. २४ फ्रेमच्या सेकंदात साधी चाल साधारण १२ फ्रेमला एक पाऊल टाकते. आजोबांचं पाऊल किती फ्रेमचं आहे, मोज. तेही १२चंच असेल तर ते मोकळ्या हातांनी हुतात्मा बागेत फिरायला निघालेत. ओझं असलं की पावलाला जास्त वेळ लागतो, पण तो सगळीकडे सारखा वाढत नाही. टाच टेकते, गुडघा वाकतो, कंबर खाली जाते आणि ती खालीच जरा जास्त वेळ राहते. तिथून वर यायला कष्ट पडतात. शिवाय एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या पायावर येतो, म्हणजे कंबर बाजूला सरकून त्या पायाच्या वर आली पाहिजे. शॉट समोरून लावून ही एवढी एकच गोष्ट तपास. कंबर रुळावरून चालल्यासारखी सरळ येत असेल तर कुणालाही ओझं दिसणार नाही, वरचा नंदीध्वज कितीही सुंदर मॉडेल केलेला असो.

तिसरं, खुद्द काठी. उंच वस्तूचा बुंधा हलला की शेंडा मागाहून हलतो. तुझी काठी कमरेला वेल्डिंग केल्यासारखी अंगाबरोबरच वळत असेल तर ती पोकळ पुठ्ठ्याची वाटेल.

हे नुसतं वाचून समजणार नाही. एक लांब बांबू घे, शेंड्याला ओली चादर बांध, घरची सोलापुरी चादर चांगली जड असते, आणि मोकळ्या मैदानात जा. मोबाइल कमरेच्या उंचीला टेकवून ठेव. बांबू कमरेशी धरून दहा पावलं समोरून चाल, दहा बाजूने. जपून कर, आसपास कुणी नको. मग तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघ. बहुतेक मोबाइल ३० फ्रेमने टिपतात आणि तुझा पट २४चा असणार, म्हणून फ्रेम मोजू नकोस, पावलाला किती सेकंद लागले ते मोज. या दोन-तीन मिनिटांच्या चित्रणातून तुला जे कळेल ते मित्राला दहा मेसेज पाठवूनही कळलं नसतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तू काम फार उशिरा दाखवलंस. डिझाइन खात्यात ग्राफवर चौकोन चुकला तर तू दोन मिनिटांत खोडतोस. कार्डं पडून, माग चालू होऊन, चादरींचा गठ्ठा बांधून झाल्यावर तीच चूक सापडली तर सगळ्यांचे चेहरे कसे होतात ते तू पाहिलं असशील. तू मित्रांना गठ्ठा दाखवलास. बहुधा बाराबंदीच्या सुरकुत्या, प्रकाश, मागचं दृश्य, सगळं पूर्ण करून. अशा वेळी चांगला माणूसही दोनच गोष्टी बोलू शकतो, ‘भारी’ नाहीतर ‘परत कर’.

पुढच्या वेळी ग्राफ दाखव. म्हणजे ब्लॉकिंग. राखाडी पुतळा, रंग नाही, कपडे नाहीत, फक्त मुख्य पोझ, आणि इंटरपोलेशन, म्हणजे दोन पोझच्या मधलं भरणं, कॉन्स्टंट ठेवून, म्हणजे एका पोझवरून दुसऱ्यावर उडी मारणारं. ४० सेकंद नकोत. सहा पुरेत, तीन-चार पावलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, पहिला कथापट काढायच्या आधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपली होती आणि ती छोटीशी फीत लोकांना दाखवून भांडवल उभं केलं होतं. थोडंसं दाखवून पुढचं मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

पाठवताना ब्लेंडरच्या आउटपुट सेटिंगमध्ये मेटाडेटाखाली फ्रेम नंबर चित्रावर छापायची सोय आहे, ती चालू कर. मग समोरचा ‘ते मध्ये कुठंतरी’ म्हणण्याऐवजी ‘८६ला पाय घसरतोय’ म्हणू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून टाक, नाहीतर तो दाबला जातो आणि बारीक हालचाल चिखलात जाते. आणि सोबत नेमकं विचार. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला सोलापुरात ‘भारी’ हेच उत्तर येणार, आपली माणसं मायाळू आहेत. ‘हे ब्लॉकिंग आहे, रंग बघू नका. या माणसाच्या हातात जड काहीतरी आहे असं वाटतं का? कुठल्या पावलाला वाटत नाही?’ असं विचार. पुण्याच्या मित्राला तर वेगळा मेसेज कर. आजोबांबद्दल सांग. सहा सेकंद पाठव आणि लिही, ‘तू बाहुल्यासारखं म्हणालास ते पटलं, तुला ते कुठल्या फ्रेमपासून वाटायला लागतं ते सांग.’ नेमका प्रश्न विचारला की फटकळ माणूसही नेमकं बोलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

उत्तरं आली की लगेच समजावत बसू नकोस. ‘तिथं मी मुद्दाम तसं केलंय’ हे तुझ्या तोंडातून निघालं की समोरचा पुढचं बोलत नाही. तुझा पट बघायला उद्या जो बसेल, त्याच्या शेजारी समजावून सांगायला तू नसणार. म्हणून आलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत लिही, त्याचाच शब्द ठेवून, आणि रात्र जाऊ दे. तीन जणांनी एकाच जागी तीन वेगळे उपाय सांगितले तर तिन्ही उपाय बाजूला ठेव, ती जागा बघ. एकालाच खटकलं आणि तुला विचार करूनही पटलं नाही, तर सोडून दे. ‘पिक्सार’ या अमेरिकन अ‍ॅनिमेशन स्टुडिओत अर्धवट शॉट रोज एकमेकांसमोर ठेवायची पद्धत आहे, आणि तिथे ज्येष्ठ मंडळी दिग्दर्शकाला स्पष्ट सल्ला देतात, पण तो मानायची सक्ती दिग्दर्शकावर नसते. हा पट तुझा आहे. आजोबांची मान कशी असायची हे तुला माहीत आहे, मित्राला नाही.

आता त्या मुलीबद्दल.

तुझ्या १४ चुका खऱ्या होत्या हे मी मानते. तरीही ती यादी तिच्या उपयोगाची नव्हती, कारण त्या चौदा वेगवेगळ्या नव्हत्याच. उसळत्या चेंडूत काय होतं बघ. चेंडू खाली येताना वेग वाढत जातो, जमिनीला लागतो त्या क्षणी सगळ्यात जास्त असतो, आणि लागल्याबरोबर जवळजवळ तितक्याच जोरात वर निघतो. म्हणून ब्लेंडरच्या ग्राफ एडिटरमध्ये, जिथे हालचाल रेघेने दिसते, जमिनीपाशी रेघ टोकदार हवी आणि वर, जिथे चेंडू क्षणभर थबकतो, तिथे गोल. ब्लेंडर आपणहून दोन्हीकडे गोल करतं. नव्या माणसाला हे माहीत नसतं, आणि त्याचा चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो, चिकटतो, मग उठतो. आता तुझी यादी काढ. ‘वजन वाटत नाही’, ‘वेग चुकला’, ‘उसळी मेल्यासारखी’, ‘दाबला जातो तो क्षण चुकीचा’, असं काहीतरी त्यात असणार. त्यातले निम्मे तरी त्या एका गोल रेघेवर लटकलेले असतील. तू चौदा धागे तिच्या हातात दिलेस, गाठ दाखवली नाहीस. शिकवणाऱ्याचं काम ती एक गाठ शोधण्याचं, आणि ते १४ चुका मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यासाठी तिचं काम तीनदा बघावं लागतं.

हे मी वरून सांगत नाही. पुण्यात नोकरीला असताना माझ्या हाताखाली एक नवा मुलगा होता. त्याच्या एका शॉटमध्ये पाय जमिनीवरून घसरत होते. मी ते सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर, पुन्हा पुन्हा चालवून दाखवलं. मला वाटलं, सगळ्यांनाच शिकायला मिळेल. त्यानंतर तो मला शॉट पूर्ण झाल्याशिवाय दाखवेना. अर्धवट काम लपवायला लागला. दोन महिन्यांनी त्याचे आठ शॉट एकदम समोर आले आणि आठांतही तोच दोष होता, जो पहिल्याच दिवशी राखाडी पुतळ्यावर दहा मिनिटांत निघाला असता. त्याचे दोन महिने माझ्यामुळे गेले. मी त्याची माफी मागितली, पण मग त्याने मला पुन्हा कधी अर्धवट काम दाखवलं नाही.

म्हणून तू वाट बघू नकोस. आज तिला लिही, ग्रुपवर नको, तिला एकटीला. असं काहीसं:

‘मागे मी एकदम चौदा चुका लिहिल्या, ते बरोबर नव्हतं. सॉरी. आज तुझा चेंडू परत तीनदा बघितला. दर उसळीला उंची कमी होत जाते ते छान जमलंय, माझ्या पहिल्या चेंडूला ते जमलं नव्हतं. मला एकाच जागी अडखळायला झालं: जमिनीला लागताना तो जरासा चिकटतो असं वाटतं. ग्राफ एडिटरमध्ये तिथं रेघ गोल आहे का टोकदार, बघशील का? बाकीचं राहू दे. माझा एक शॉट अडलाय, तुला दाखवतो, कुठं खटकतं सांग.’

यात जे ‘जमलंय’ लिहिशील ते मात्र खरं हवं. माझ्या नमुन्यातलं उचलू नकोस, तिच्या चेंडूत बघून तुला खरोखर जे आवडलं ते लिही. खोटं कौतुक पहिल्या वेळी गोड लागतं, दुसऱ्या वेळी ओळखू येतं, आणि मग तुझ्या खऱ्या कौतुकालाही किंमत राहत नाही. शेवटची ओळही गाळू नकोस. तिला तुझं काम दाखव. ती नवी आहे म्हणून तिची नजर कच्ची आहे असं धरू नकोस. चाल बघायला अ‍ॅनिमेशन यावं लागत नाही. चालणारी माणसं आपण सगळेच जन्मापासून बघत आलोय. ती नाही आली परत, तर तेही मान्य कर आणि मागे लागू नकोस.

यात्रेच्या आधी नंदीध्वजांचा सराव असतो. आजोबांच्या जोडीने नंदीध्वज पेललेलं कुणीतरी तुझ्या ओळखीचं असेलच. लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जा, ते राखाडी सहा सेकंद दाखव. त्यांना फ्रेम, रिग, काही सांगू नकोस. पाऊल टाकताना नजर कुठे असायची, भार आधी कुठे जाणवायचा, पाठीला का मांडीला, वारा आला तर आधी काय हलायचं, एवढं विचार. बहुधा ते सांगत बसणार नाहीत, उठून करूनच दाखवतील. तेव्हा त्यांना विचारून मोबाइल सुरू कर, आणि त्यांची पावलं पूर्ण दिसतील इतकं मागे जाऊन उभा राहा.